घराची आखणी गुण्यात: ३-४-५ कुठे चुकतं आणि कर्ण कसा जुळवायचा

फरशी बसवताना भिंतीलगतच्या शेवटच्या रांगेत एका टोकाला चार इंचांचा तुकडा लागतो आणि दुसऱ्या टोकाला तीन इंचांचा. मग सगळे फरशीवाल्याला बोल लावतात. त्याचा यात काहीच हात नसतो. खोलीच गुण्यात (काटकोनात) नसते, आणि ती बिघडते लाईन आउटच्या, म्हणजे जमिनीवर घर आखण्याच्या दिवशी, पहिला खड्डा खणण्याच्याही आधी.

३-४-५ (त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ च्या प्रमाणात घेतल्या की काटकोन मिळतो) माहीत नाही असा गवंडी सापडणार नाही. तरी आखणी चुकते, कारण चूक सूत्रात नसते. ती टेपमध्ये, जमिनीच्या उतारात, आकडेमोडीत आणि कामाच्या क्रमात असते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

नियम एवढाच: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. साइटवर मात्र आपण त्याचा व्यत्यास वापरतो. तीन लांब्या अशा धरायच्या की ही बेरीज जुळावी, म्हणजे काटकोन आपोआप होतो. कोन आपण कुठेच मोजत नाही, फक्त लांब्या मोजतो. त्यामुळे लांबी जितकी बिनचूक, तितकाच कोन बिनचूक.

पुढे एकच घर धरून चालू. कोपऱ्यातल्या कॉलमांच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत दर्शनी बाजू ३१ फूट, पुढून मागे २२ फूट ६ इंच. रस्त्याच्या बाजूचे कोपरे अ आणि ब. ब च्या मागे क, अ च्या मागे ड.

## १. आदल्या दिवशीची तयारी

लागणारं सामान: ३० मीटरचे दोन टेप (शक्यतो स्टीलचे), न ताणणारी बारीक नायलॉन दोरी, खुंट्या किंवा सळईचे तुकडे, खिळे, ओळंबा, पाण्याची लेव्हल ट्यूब, फक्की (आखणीची पांढरी पूड) आणि तीन माणसं. दोन माणसांत हे काम होत नाही असं नाही, पण मग टेपचं एक टोक खुंटीला अडकवून ठेवलं जातं आणि ते सरकलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही टेप शेजारी शेजारी ताणून ३० फुटांच्या खुणा जुळतात का ते पाहा. ही तपासणी जवळपास कोणी करत नाही. गंमत अशी की एकच टेप तिन्ही बाजूंना वापरला, तर तो थोडा चुकीचा असला तरी काटकोन बरोबर येतो. तिन्ही बाजू एकाच प्रमाणात लांब किंवा आखूड होतात, त्रिकोणाचा आकार तोच राहतो. घर जरासं लहानमोठं होईल, वाकडं होणार नाही. पण दोन बाजू एका टेपनं आणि कर्ण दुसऱ्या टेपनं घेतला, आणि त्या दोघांचं जमत नसलं, तर काटकोन गेलाच. कापडी किंवा फायबरचा टेप जोर लावला की ताणतो. तोच वापरायचा असेल तर तिन्ही मापांना एकाच माणसानं सारखाच ताण द्यावा.

टेपच्या टोकाची कडी झिजलेली किंवा वाकलेली असेल तर शून्याऐवजी १ फुटाच्या खुणेपासून मोजतात. पद्धत चांगली आहे, फक्त तो १ फूट वजा करायचं विसरतं. असं मोजायचं ठरलं तर आखणी संपेपर्यंत सगळी मापं तशीच घ्या. मध्येच बदल नको.

इशारा: नकाशा मीटरमध्ये असेल तर टेपची मीटरची बाजू वापरा. मीटरचे फूट, फुटांचे इंच आणि इंचांचे सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) करताना प्रत्येक पायरीला थोडं थोडं गळत जातं.

## २. कर्ण घरी बसून काढा, उन्हात नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या गणिताच्या नसून इंचांच्या असतात.

२२ फूट ६ इंच म्हणजे २२.५ फूट. कॅल्क्युलेटरवर बिनदिक्कत २२.६ दाबलं जातं. तसं केलं तर कर्ण जवळपास पाऊण इंचानं जास्त येतो आणि ड ची खुंटी तेवढीच किंवा थोडी जास्तच सरकते. उत्तर वाचतानाही हाच घोळ. या घराचा कर्ण ३८.३० फूट येतो. तो "३८ फूट ३ इंच" वाचला तर पाच सूत कमी पडतात. आकडा खऱ्याच्या इतका जवळ असतो की कोणाला शंकाही येत नाही. ३८.७५ आलं असतं, तर ते ३८ फूट ९ इंच; साडेसात इंच नव्हेत.

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे सगळं इंचांत करायचं:

- २२ फूट ६ इंच = २७० इंच. ३१ फूट = ३७२ इंच.
- २७० × २७० = ७२,९००
- ३७२ × ३७२ = १,३८,३८४
- बेरीज = २,११,२८४
- वर्गमूळ = ४५९.६५६ इंच

आता ४५९ मधून ३८ फुटांचे ४५६ इंच गेले, उरले ३ इंच. दशांशाचा भाग ०.६५६ ला ८ नं गुणलं की सूत मिळतात: ५.२५. म्हणजे कर्ण ३८ फूट ३ इंच ५ सूत.

दोन बाजूंची आधी बेरीज करून मग वर्ग केला तर वर्गमूळ ५३ फूट ६ इंच येतं, म्हणजे नुसती बेरीजच परत मिळते. ही चूक निदान दिसते तरी. कर्ण नेहमी मोठ्या बाजूपेक्षा मोठा आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान असतो. उत्तर या दोन्हींच्या मध्ये नसेल तर पुन्हा करा.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दिसत नसेल तर फोन आडवा धरा. बऱ्याच फोनमध्ये ते तेव्हाच दिसतं.

तपासणी: कर्ण दोन माणसांनी वेगवेगळा काढावा आणि जुळला की नकाशावर पेनानं मोठा लिहावा. साइटवर तोंडी आकडे सांगू नयेत.

## ३. मूळ रेषा: अ-ब

सगळी आखणी एका रेषेवर उभी राहते. ती कुठून घ्यायची हे आधी ठरवा, आणि फक्त एकच रेषा हद्दीवरून घ्या.

इथे मोठा गैरसमज आहे. प्लॉटची समोरची हद्द आणि बाजूची हद्द काटकोनात आहे असं धरून दोन्हींना समांतर दोऱ्या बांधल्या जातात. प्लॉट गोमुखी असेल, म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद, तर बाजूच्या दोन्ही हद्दी रस्त्याशी काटकोनात असणं शक्यच नाही. तसा नसला तरी गावठाणातला किंवा शेतातून पाडलेला प्लॉट चौकोनी असेलच याची खात्री नसते. घर प्लॉटच्या वाकडेपणात घालायचं नसतं.

मोजणीच्या हद्दीच्या खुणा सापडवून समोरच्या हद्दीपासून मंजूर नकाशातलं मार्जिन (मोकळी सोडायची जागा) दोन्ही टोकांना मोजा आणि अ-ब ची दोरी बांधा. मार्जिन मिळतं भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत, आणि दोरी मात्र कॉलमच्या सेंटरची असते. ९ इंची भिंत आणि तिच्या मध्यावर सेंटर असेल तर दोरी मार्जिनपेक्षा साडेचार इंच आत हवी, शिवाय बाहेरच्या प्लॅस्टरची जाडी. एक माप सेंटरचं आणि दुसरं बाहेरच्या अंगाचं, अशी सरमिसळ झाली तर पुढचा कर्ण कधीच जुळणार नाही आणि कारणही लवकर सापडणार नाही.

मग दोरीवर अ चा खिळा, तिथून ३१ फुटांवर ब चा खिळा. खुंटीवर पेनाची खूण करून भागवू नका, खिळाच ठोका. सगळी मापं खिळ्याच्या मध्यापासून घ्या आणि दोरी नेहमी खिळ्याच्या एकाच बाजूनं ओढा.

तपासणी: प्लॉट वाकडा असेल तर बाजूचं आणि मागचं मार्जिन सर्वांत अरुंद जागी पुरतं का, ते फक्कीनं चार कोपरे कच्चे टाकून आत्ताच बघून घ्या. खिळे पक्के झाल्यावर कळलं तर सगळंच हलवावं लागतं.

## ४. काटकोन: त्रिकोण घराएवढा घ्या

आता ३-४-५. बहुतेक ठिकाणी ते खरोखरच ३ फूट, ४ फूट, ५ फूट घेतलं जातं आणि तिथून दोरी लांबवली जाते. इतक्या लहान त्रिकोणात कर्ण मोजताना १ सूत इकडेतिकडे झाला, तर २२ फूट ६ इंचांवर दोरी एक इंचाहून जास्त सरकते, ४० फुटांवर दोन इंच. हाताखाली खिळा आणि वर ऊन असताना एक सूत इकडेतिकडे होणारच. गवंड्याच्या दोन फुटी गुण्यावरून दोरी ओढली तर हाल याहून वाईट. गुण्या विटांच्या कामासाठी ठीक आहे, घराच्या कोपऱ्यासाठी नाही.

तेच ३-४-५ पाचपट करून १५-२०-२५ फूट घेतलं तर चूक पाच पटींनी कमी होते. त्याहून चांगलं म्हणजे घराचाच कर्ण वापरायचा. आपल्या घरात पूर्ण कर्ण घेतला तर तीच १ सुताची चूक मागच्या कोपऱ्यावर जेमतेम सव्वा सूत पडते, आणि दोरी पुढे लांबवायची गरजच उरत नाही.

कृती अशी:

१. पहिल्या टेपचं शून्य अ च्या खिळ्यावर धरा. २२ फूट ६ इंचांवर ड च्या आसपास जमिनीवर छोटा कंस ओढा.

२. दुसऱ्या टेपचं शून्य ब च्या खिळ्यावर. ३८ फूट ३ इंच ५ सुतांवर दुसरा कंस.

३. दोन्ही कंस छेदतात तिथे खुंटी ठोका. खुंटी ठोकताना सरकते, म्हणून दोन्ही टेप पुन्हा ताणून खुंटीच्या डोक्यावर नेमकी जागा काढा आणि तिथे खिळा मारा.

टेप जमिनीवरच्या दगडांना, गवताला टेकू देऊ नका. मध्ये झोळ पडला तर माप जास्त दिसतं आणि प्रत्यक्ष अंतर कमी पडतं.

पूर्ण कर्ण टेपमध्ये मावत नाही किंवा मध्ये विहीर, झाड, जुनी भिंत येते, तेव्हा त्रिकुट, म्हणजे या नियमात बसणारे तीन पूर्ण आकडे, वापरायचं. घर ऐसपैस असेल तर ३-४-५ च्या पटी. अरुंद चाळवजा घराला ५-१२-१३ किंवा ८-१५-१७ सोयीचं. जवळपास चौरस असेल तर २०-२१-२९ सगळ्यात उत्तम, फक्त ते फारसं कोणी वापरत नाही.

## ५. उताराचा प्लॉट

कोकणात किंवा घाटाखाली सपाट प्लॉट मिळणं नशिबाचा भाग. टेप उतारावर टेकवून मोजलं की आपला नियमच आपल्या विरुद्ध जातो: मोजलेली लांबी कर्ण होते आणि आपल्याला हवी असते आडवी बाजू. २२ फूट ६ इंचांत १ फूट उतार असेल तर घर सुमारे २ सूत आखूड होतं. २ फूट उतार असेल तर पूर्ण इंचभर. उतार दुप्पट झाला की चूक चौपट होते, त्यामुळे "थोडाच तर उतार आहे" हा अंदाज दगा देतो. त्यात दोन कर्णांवर उतार वेगवेगळा असतो, म्हणून कोन बिघडतो तो वेगळाच.

उपाय दोनच. एक, टेप आडवा धरून खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. उतार जास्त असेल तर एका दमात न मोजता टप्प्याटप्प्यानं, पायऱ्या उतरल्यासारखं. दुसरा आणि माझ्या मते बरा: लेव्हल ट्यूबनं चारही कोपऱ्यांच्या बाहेर एकाच पातळीवर खुणा करून दोऱ्या त्या पातळीत बांधायच्या आणि सगळी मापं दोरीवर घ्यायची. सुरुवातीला अर्धा दिवस जातो. तो वाचवण्याच्या नादात पुढे प्लिंथला (जोत्याला) भर घालत बसावं लागतं.

## ६. चौथा कोपरा आणि खरी तपासणी

क काढायला ड पासून ३१ फूट आणि ब पासून २२ फूट ६ इंच, असे दोन कंस. छेदतात तिथे क.

आता कर्ण तपासायचा. कुठला? अ-क. ब-ड पुन्हा मोजून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यांनी काहीच तपासलेलं नसतं. ड ची खुंटी त्याच मापानं ठोकली होती, ते जुळणारच. अ-क अजून कोणी मोजलेला नाही, म्हणून त्याचीच साक्ष ग्राह्य.

आणखी एक भ्रम: दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकोन गुण्यात. तसं नाही. पुढची बाजू ३१ फूट, मागची चुकून ३१ फूट २ इंच आणि तो जास्तीचा भाग दोन्हीकडे एकेक इंच वाटला गेला असेल, तरी दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येतात. घर मात्र मागे फाकलेलं. उलट, समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि कर्ण मोजले नाहीत, तर चौकोन एका अंगाला कललेला असू शकतो. म्हणून क्रम असा:

१. समोरासमोरच्या बाजू मोजा. अ-ब आणि ड-क सारख्या, अ-ड आणि ब-क सारख्या.
२. त्या जुळल्यावरच दोन्ही कर्ण मोजा.
३. कर्ण एकमेकांशी आणि कागदावरच्या आकड्याशीही जुळतात का पाहा.

या आकाराच्या घरात दोन कर्णांत २ सुतांपर्यंत फरक मी चालवून घेईन. अर्धा इंच आला तर नाही.

## ७. फरक आला तर किती सरकवायचं

समजा बाजू जुळल्या, पण अ-क आला ३८ फूट ४ इंच ५ सूत आणि ब-ड आला ३८ फूट २ इंच ५ सूत. फरक २ इंच. साइटवर लगेच कोणीतरी एक खुंटी २ इंच हलवतो. मग एक कर्ण जुळतो, बाजू बिघडतात, ती दुरुस्त करताना दुसरा कर्ण जातो, आणि दुपारपर्यंत खुंट्यांभोवतीची जमीन भुसभुशीत होते.

बाजू बरोबर असताना कर्णांत फरक याचा अर्थ मागची अख्खी रेषा तिच्याच दिशेनं सरकलेली आहे. म्हणून क आणि ड दोन्ही खुंट्या, एकाच दिशेनं, सारख्याच मापानं हलवायच्या. अ आणि ब ला हात लावायचा नाही. दिशा ती, जिच्यात लांब कर्ण आखूड होईल. इथे अ-क लांब आहे, म्हणजे दोन्ही खुंट्या ड च्या बाजूला.

किती? कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले मागच्या बाजूची दुप्पट. आपल्याकडे २ × ३८.३ ÷ ६२ = १.२४ इंच, म्हणजे १ इंच २ सूत. पूर्ण फरकाएवढं सरकवलं की चूक उलट्या अंगाला जाते. या एका मापात काम संपतं, पण खिळा मारण्याआधी चारही बाजू आणि दोन्ही कर्ण पुन्हा घ्या.

इशारा: समोरासमोरच्या बाजूच सारख्या नसतील तर हे सूत्र लावू नका. आधी क पुन्हा काढा.

## ८. खुणा खणण्याच्या बाहेर न्या

कोपऱ्यावरच्या खुंट्या जेसीबीच्या पहिल्या बकेटला जातात. म्हणून प्रत्येक रेषा दोन्ही टोकांना खणण्याच्या कडेपासून तीन-चार फूट बाहेर वाढवून तिथे विटांच्या बुर्ज्या बांधा. वर प्लॅस्टर करून ओलं असतानाच दोरीखाली रेघ ओढा आणि खिळा बसवा. दोऱ्या एकमेकींना टेकू देऊ नका, टेकल्या की एक दुसरीला ढकलते. एक जराशी वर बांधा.

एल आकाराचं घर असेल तर सगळ्यात मोठा आयत आधी पूर्ण करा, तपासा, आणि मगच उरलेला भाग त्याच्या रेषांवरून वाढवा. जिना, संडास, पोर्च यांची मापं शेवटी.

खड्ड्यात पीसीसी (तळाचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) झाली की बुर्ज्यांवर दोऱ्या बांधून ओळंब्यानं सेंटर खाली उतरवा आणि खालीही दोन्ही कर्ण मोजा. पीसीसी एका पातळीत नसेल तर टेप तिरका जाईल, तेव्हा माप वरच्या दोरीवर घेऊन खाली फक्त खूण करा. जुळलं की फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) जाळी. कॉलमची शटरिंग लागताना पुन्हा एकदा, आणि प्लिंथ बीमचं काँक्रीट पडेपर्यंत बुर्ज्या फोडू देऊ नका. आतल्या खोल्यांच्या भिंती उभ्या करताना पहिल्या थराला ६-८-१० लावून बघा; पहिला थर उचलून ठेवायला दहा मिनिटं लागतात.